आधी गव्हावर, मग गव्हाविना

आजारी माणसाला भीती वाटते, हे सगळेच सांगतात. मलाही वाटली. पण भीती अधूनमधून यायची. हेवा मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून उशाशी बसलेला असायचा. पोटभर जेवणाऱ्याचा हेवा, दमल्याशिवाय टेकाड चढणाऱ्याचा हेवा, परसाकडला जाऊन हसत परत येणाऱ्याचा हेवा. आणि सगळ्यांत जास्त माझ्या पाठच्या भावाचा, किसनचा. हे आधीच लिहून टाकतो. ज्यांना हा आजार जडला आहे त्यांना पथ्य सांगणारे पुष्कळ भेटतील, पण हे कुणी सांगणार नाही.

आम्ही महाळुंग्याचे. गावाभोवती आज जिकडंतिकडं कारखाने आहेत. आमच्या वेळी बाजरी, कांदा आणि बटाटा होता. वडील लवकर वारले. घरात आई, मी, माझी बायको हौसा आणि किसन. मी सातवी पास झालेला, म्हणून चिंचवडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर मदतनीस म्हणून लागलो. आठवडाभर तिकडं चाळीत खोली करून राहायचं आणि सुट्टीला मोटारीनं चाकण, तिथून पायी घर.

जेवण खानावळीत. दोन्ही वेळेला चपाती. आजच्या माणसाला यात विशेष काय, असं वाटेल. आमच्या घरी गहू सणाला निघायचा, नाहीतर जावई आला तर. सुट्टीला घरी गेलो की किसन भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारायचा,

"दादा, रोज चपाती? खरंच रोज?"

"सकाळ-संध्याकाळ," मी सांगायचो.

"मज्जा हाय बाबा तुझी."

तेव्हा हेवा त्याच्या बाजूला होता आणि मला तो बघायला गोड वाटायचा. खोटं कशाला बोलू, कधी कधी मी चपातीला थोडं तूपही लावून सांगायचो, जे खानावळीत कधी नसायचं.

*

पहिले काही महिने बरे गेले. मग पोट बिघडलं ते बिघडलंच. जुलाब म्हणावेत तर पाण्यासारखे नव्हते. पांढुरके, तेलकट, ढीगभर, आणि वास असा की चाळीतल्या सामाईक संडासातून मी बाहेर आलो की पुढचा माणूस टमरेल खाली ठेवून जरा वेळ बिडी ओढायचा. पट्ट्याला मी खिळ्यानं नवी नवी भोकं पाडत गेलो. पोट तेवढं फुगलेलं, हातपाय काटक्या. जीभ सोलल्यासारखी लाल झाली. दिवेलागणीला समोरचं अंधूक व्हायला लागलं, तेव्हा मी घाबरलो आणि रजा टाकून घरी आलो.

चाकणच्या वैद्यांनी नाडी बघितली. "संग्रहणी आहे. भाकरी बंद. जड अन्न नको. हलकं द्या."

हलकं म्हणजे काय, तर गव्हाचं. आईनं बाजारातून गहू आणला, भिजत घातला, वाटला, फडक्यातून गाळला आणि सत्त्व काढून त्याची खीर केली. दुसऱ्या दिवशी शेवया. तिसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली मऊ चपाती. माझ्यासाठी घरातलं सगळ्यांत चांगलं अन्न निघत होतं, आणि ते खाऊन मी रोज थोडा वाळत होतो.

समोर किसन जेवायला बसायचा. कांदा मुठीनं फोडायचा, बाजरीची भाकरी, वर ठेचा. भाकरी मोडतानाचा आवाज मला ऐकू यायचा. घास चावताना त्याच्या गालाचं हाड हलायचं, कानापाशी घाम यायचा, आणि मग तो हात धुऊन सरळ मोट धरायला जायचा. मी खिरीचा वाडगा मांडीवर घेऊन बघत राहायचो. एकदा आईला म्हणालो, "त्याला दुसरीकडं बसवून वाढ." आईला वाटलं, मी त्याच्याच काळजीनं म्हणतोय. म्हणाली, "त्येला माशा नगं वाटत्यात व्हय रं तुझ्या भवतीच्या? तरी बसतुया बिचारा तुझ्यापाशी."

कारखान्यातून मुकादमाचा निरोप आला. कामावर या, नाहीतर जागा भरतो. आईनं मार्ग काढला. "किसनला धाड तुझ्या जागी. घरातली भाकर घरात ऱ्हाईल."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? किसन माझ्याच खोलीत राहिला, माझ्याच खानावळीत जेवला. पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा त्याच्या नखांत तेलाची काळी रेघ होती. तीच रेघ, जी हौसा माझ्या हातांवरून राखेनं घासून काढायची. हौसा त्याला विचारत होती, "भोंगा किती वाजता हुतो, भाऊजी? मुकादम वराडतो का?" हे सगळं तिनं कधीकाळी मला विचारलं होतं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो.

*

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मला किसननंच नेलं. "आमच्या कंपनीतल्या डाक्टरांनी चिठ्ठी दिलीया," तो म्हणाला. त्या 'आमच्या'नं मला जेवढं टोचलं तेवढी पुढं एकही सुई टोचली नाही.

तिथले डॉक्टर विलायतेला शिकून नुकतेच परतले होते. उंच, घाईत नसलेले. आजवर सगळ्यांनी पोट दाबून बघितलं होतं. यांनी खुर्ची ओढून विचारलं, "कारखान्यात लागायच्या आधी काय जेवत होता?"

"बाजरीची भाकरी."

"आणि लागल्यावर?"

"चपाती. आन् आता आजारपणात तर समदं गव्हाचंच. भाकरी बंद हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिकडं युरोपात अलीकडंच लक्षात आलंय की काही जणांच्या आतड्याला गहू सोसत नाही. मी स्वतः इथं असा रुग्ण पाहिलेला नाही. तेव्हा अंदाजानं सांगणार नाही, तपासून बघू."

"रक्त काढायचं का?"

"रक्त काढूच. पण मुख्य तपासणी वेगळी आहे. तुम्हाला रोज मोजून लोणी देणार. आणि जे पोटातून बाहेर पडेल ते सगळं, अगदी सगळं, डब्यात धरायचं. त्यातलं तेल-तूप प्रयोगशाळेत मोजतील. लोणी अंगी किती लागतंय आणि किती वाया जातंय ते कळेल. आधी गव्हावर, मग गव्हाविना."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते माझ्याकडं सरळ बघत होते.

*

वॉर्डातला पहिला दिवस एका लाल पुडीनं सुरू झाला. ती पुडी पोटात गेली की तो रंग दुसऱ्या टोकाला दिसायचा, तिथून डब्यात धरायला सुरुवात. पुन्हा लाल पुडी, पुन्हा रंग दिसला की थांबायचं. मधलं सगळं डब्यात. झाकणाचा पत्र्याचा डबा, वर माझ्या नावाची चिठ्ठी. तो हातात घेऊन दोन्ही बाजूंच्या खाटांमधून चालत जायचं आणि तो घेऊनच परत यायचं. वॉर्डात टीबीवाले होते, हातपाय मोडलेले होते, एक जण कुत्रं चावलेला होता. त्या सगळ्यांचा मला हेवा वाटला, कारण ते संडासाला जाऊन रिकाम्या हातांनी परत येत होते.

शेजारच्या खाटेवर माण गावचे तात्या होते. पोटात पाणी झालेलं, त्यामुळं मीठ बंद. सिस्टर माझ्यापुढं पावाच्या तुकड्यांवर वजन केलेलं लोणी आणून ठेवायची आणि मी ते सगळं खाल्लं की नाही हे बघत उभी राहायची. तात्या त्या लोण्यावरून नजर काढायचे नाहीत.

"काय नशीब लिवलंय एकेकाचं! आमास्नी मीठ न्हाई, आन् ह्याला सरकार लोणी चारतंय."

"तात्या, माझ्या पोटात ऱ्हात न्हाई वो ते."

"तोंडातनं तर जातंय ना, राव?"

सगळ्या वॉर्डात माझा हेवा करणारा एक तरी माणूस आहे, या विचारानं त्या दिवशी मी लोणी जरा चवीनं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ते घशाखाली उतरेना. ओकारी आली असती तर सगळी मोजदाद फुकट गेली असती, म्हणून तोंड दाबून बसलो.

मोजदाद तरीही एकदा फुकट गेलीच. नवा सफाईवाला आला होता, त्यानं डबा स्वच्छ धुऊन उलटा घालून ठेवला. बिचाऱ्याला वाटलं, आपण चांगलं काम केलं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्या दिवशी मी खाटेवर बसून रडलो. आजारपणात तोवर रडलो नव्हतो.

हौसा तेव्हा पुण्यातच तिच्या मावशीकडं राहून रोज सकाळी यायची. दुसऱ्या दिवसापासून ती खाटेजवळ बसेचना. संडासाच्या दाराशी, डब्यापाशी, पदर नाकाला लावून बसायची. कुणी हात लावायला गेलं की म्हणायची, "ए, ते आमचं हाय!" भेटीची वेळ संपल्यावर सिस्टर तिला अक्षरशः उठवायची. तुमच्या दुखण्यात तुमच्यावर कोण माया करतं हे शोधायचं असेल, तर औषध पाजणाऱ्यांकडं बघू नका. ते सगळेच पाजतात.

किसन सुट्टीला यायचा. सायकलवरून, चिंचवडहून थेट. निळ्या कपड्यांत, तोंडाला वारा लागलेला. "दादा, कायम केलं मला," एका भेटीत तो म्हणाला, आणि पेढ्याची पुडी उघडली. मी एक पेढा खाल्ला. त्याला "शाब्बास" म्हणालो. तो गेल्यावर तात्या म्हणाले, "भाऊ गुणाचा हाय तुझा."

"हाय ना," मी म्हणालो, आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

*

मग गहू बंद झाला. पाव गेला, चपाती गेली. भात, ज्वारीची भाकरी, दूध, केळी, फोडणी नसलेली भाजी. बाकी सगळं तेच, खाट तीच, औषधं तीच.

आधी जीभ बरी झाली. एका सकाळी चहा प्यायलो आणि झोंबला नाही. मग एक दिवस दुपारचं जेवण झालं आणि मला पुन्हा भूक लागली. ती भूक मी ओळखलीच नाही. पोटात काहीतरी नवीन दुखायला लागलं, असं समजून सिस्टरला हाक मारली. तिनं पोटाला हात लावला, काय होतंय ते विचारलं आणि हसत म्हणाली, "अहो, भूक आहे ती!"

काही आठवड्यांनी पुन्हा लाल पुडी, पुन्हा लोणी, पुन्हा डबा. या वेळी डबा हलका होता. मला तेव्हाच कळलं, पण मी कुणाला बोललो नाही. दृष्ट लागेल असं वाटलं.

डॉक्टर दोन कागद घेऊन आले त्या दिवशी आई, हौसा आणि किसन तिघंही होते. "पहिल्या वेळी लोण्यातलं बरंचसं बाहेर पडत होतं. आता जवळजवळ सगळं अंगी लागतंय. शंका उरली नाही. गहू आयुष्यभर बंद. रवा, शेवया, पाव, सगळं."

हौसानं विचारलं, "म्हंजी आजार कंचा हाय त्येंना?"

"गहू. तोच आजार."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. आई मात्र हलली नाही. डॉक्टर निघून गेल्यावर म्हणाली, "म्हंजी म्या माझ्या हातानं…"

"तुला काय ठावं, आई. वैद्यालाबी ठावं नव्हतं."

"सत्त्व काढलं रं म्या," ती म्हणाली. "फडक्यानं गाळून." त्यानंतर जन्मभर तिनं स्वतः गहू खाल्ला नाही. कुणी विचारलं तर सांगायची, मला आवडत नाही.

*

घरी आलो, अंग भरलं, पण जागा गेली होती. किसन कायम झाला होता आणि मी मोटेवर. गावात लोक हसायचे. गव्हानं कुणी आजारी पडतं का? हा तर श्रीमंताचा रोग, म्हणे. होळीला घरोघरी पुरणपोळी. हौसा माझ्यासाठी तांदळाच्या उकडीत पुरण भरायची. चांगलं लागायचं, वर साजूक तूपही असायचं आणि ते आता अंगी लागत होतं. तरी मी शेजारच्या पोराच्या हातातल्या पोळीकडं असा बघायचो, की एकदा ते पोर पोळी पाठीमागं लपवून पळालं.

अशात किसन फिका पडायला लागला. सुट्टीला आला की ओट्यावर बसून राहायचा. ओठ पांढरे, नखं पांढरी, चढण चढताना धाप. आई म्हणाली, रातपाळीनं दमतोय. मला राहवेना. तीच खानावळ, तीच चपाती, तोच बाप आमचा दोघांचा. एक दिवस त्याला बाजूला घेतलं.

"किसन, गहू सोड. डाक्टरांकडं चल माझ्यासंगं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "माझं पोट चांगलं हाय, दादा."

"माझंबी आधी चांगलंच हुतं. ऐक माझं. आधी रजा टाक."

"रजा टाकू? आन् मंग? माझ्या जागी कोण जाणार, तू?"

मी नजर त्याच्या सायकलीकडं वळवली.

"मला कळत न्हाई व्हय? मी जेवाय बसलो की तू माझ्या ताटाकडं बघतोस. मी सायकल काढली की सायकलीकडं बघतोस. तुला माझी नोकरी बघवत न्हाई, दादा."

त्याचं एकूण एक अक्षर खरं होतं, आणि तरीही तो आजारी होता. हेवा करणाऱ्या माणसानं खरं सांगितलं तरी त्यात खोट दिसते. मी आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "तू नगं बोलूस त्येला. तुझ्या तोंडनं त्येला वंगाळच लागतंय." हौसानं सांगून बघितलं, तर तो म्हणाला, "वैनी, तुमाला दादानं शिकवून धाडलंय."

शेवटी मशीननंच त्याला सांगितलं. उभ्या उभ्या चक्कर आली आणि तो लेथवर झुकला. शेजारच्या माणसानं कॉलर धरून मागं ओढला म्हणून हात वाचला. त्याच कपड्यांत तो सायकल कारखान्यात सोडून मोटारीनं घरी आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"कवा जायचं?" त्यानं विचारलं.

*

तेच डॉक्टर, तोच वॉर्ड. तात्यांच्या खाटेवर आता दुसरं कुणी होतं. डॉक्टरांनी माझी हकीगत काढून बघितली आणि किसनलाही पाव आणि लोण्यावर ठेवलं. या वेळी डबा मी वाहिला. त्याला उठवत नव्हतं, आणि वॉर्डातून तो डबा घेऊन चालण्याची लाज मला आता सवयीची झाली होती. रोज झाकण लावताना मी आत बघायचो. पांढुरकं दिसतंय का, तेलकट आहे का. ते तसं असावं असं मला वाटत होतं की नसावं, ते मला सांगता आलं नसतं. तो बरा व्हावा हे नक्की वाटत होतं. पण माझ्यासारखा बरा व्हावा, असंही वाटत होतं. पंगतीत पोळी आली की ताटावर आडवा हात धरणारे आपण दोघे असू, एकटा मी नसेन.

डॉक्टर आले ते हसतच. "किसनराव, तुमचं लोणी सगळं अंगी लागतंय. आतडं ठणठणीत आहे. गहू खुशाल खा."

"मंग ही चक्कर?"

"जंत. डब्यात त्यांची अंडी सापडली. अनवाणी शेतात फिरल्यानं आत शिरतात आणि रक्त पितात. मुळात तपासणी झाली हे बरं झालं, नाहीतर असेच पांढरे होत गेला असता. एक औषध देतो, मग रक्त भरून यायला लोहाच्या गोळ्या. काही महिन्यांत पहिल्यासारखे व्हाल."

एक औषध. मी उठलो आणि व्हरांड्यातल्या नळावर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं. माझ्या भावाला काही झालेलं नव्हतं, आणि त्याच जागी असं काही जळत होतं की पाणी मारून विझेना. माझ्या वाट्याला जन्माचं पथ्य, आणि याला एक औषध. याला तेवढ्यावर चपाती, नोकरी, सायकल, सगळं परत.

किसन भिंतीचा आधार घेत मागं आला. नळ बंद केला.

"दादा, तुला वाईट वाटलं?"

"व्हय."

"मला त्योच आजार व्हाया पायजे हुता का?"

"न्हाई." मग म्हणालो, "तसं न्हाई रं. पर एकट्यानं पथ्य पाळायचं लई जड जातं. कुणीतरी जोडीला असतं तर…"

व्हरांड्यात कुणाचं तरी लुगडं वाळत घातलं होतं, तिकडं तो बघत राहिला. मग म्हणाला, "आन् मी समजत हुतो, तुला माझी नोकरी पायजे."

"तीबी पायजे," मी म्हणालो.

किसन माझ्याकडं बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं. पांढऱ्या ओठांनी, धाप लागेपर्यंत, भिंतीला धरून तो हसत सुटला, आणि आतून सिस्टर ओरडली की हा दवाखाना आहे, बाजार नाही. मी त्याला काखेत हात घालून धरलं आणि खाटेकडं घेऊन गेलो. तो अजून हसत होता, आणि माझ्यापेक्षा अजूनही जड होता.